ओळखीची संस्था की अनोळखी भिडू?

आरोग्यावर काम करणारी संस्था जोडीदार शोधायला निघाली की दुसऱ्या आरोग्य संस्थेचंच दार ठोठावते. सोपं पडतं ते. भाषा एक, अहवालांचे नमुने एक, पहिल्याच बैठकीत तारखा ठरतात. पण पोहोचही तिथवरच आणि देणगीदारही तेच, त्यामुळे गोडीगुलाबीत छुपी चढाओढ शिरते.

अनपेक्षित भिडूचं गणितच निराळं. लॉस एंजेलिस भागातल्या कृष्णवर्णीयांच्या 52 सलूनमधला प्रयोग बघा, निष्कर्ष 2018 मध्ये आले. उच्च रक्तदाबाच्या गिऱ्हाइकांना भेटायला औषधतज्ज्ञ थेट सलूनमध्ये यायचे, तिथेच दाब मोजून औषध ठरवायचे. सहा महिन्यांत वरचा आकडा सरासरी 27 ने उतरला. ज्या सलूनमध्ये फक्त सल्ला मिळाला, तिथे 9 ने. ज्ञान औषधतज्ज्ञाचं, भरवसा मात्र कात्री चालवणाऱ्याचा!

अर्थात असा भिडू वेळ खातो. त्याला आपला ‘लाभार्थी’ शब्द खटकतो, आपल्याला त्याचं ‘आज गर्दी आहे, नंतर या’. निधीचा अर्ज परवा द्यायचा असेल तर ओळखीचीच संस्था गाठावी. हाताशी काही महिने असतील तर मी सलूनची पायरी चढेन, तीही दुपारी, खुर्च्या रिकाम्या असताना आणि कराराचा कागद न नेता.