क्वानशेंग यूव्ही-के५ : रेंज उघडल्यावर खरंच काय मिळतं? काही महिन्यांच्या वापरानंतर

हा हँडी (हातात धरायचा वायरलेस संच) बहुतेक लोक एकाच कारणासाठी घेतात: फर्मवेअर, म्हणजे संचातलं सॉफ्टवेअर, बदललं की स्क्रीनवर १८ ते १३०० मेगाहर्ट्झपर्यंत जवळपास कुठलाही आकडा टाकता येतो. पण आकडा टाकता येणं आणि तिथे संच नीट चालणं यांत बरंच अंतर आहे. हा अनुभव एगझुमर या पर्यायी फर्मवेअरवरचा आहे आणि हॅम (हौशी रेडिओ) लायसन्स असलेल्यांसाठी लिहिला आहे. लायसन्स नसेल तर हा संच नुसता जवळ बाळगणंही आपल्याकडे नियमात बसत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा लायसन्समुक्त पट्टा आहे खरा, पण तो कमी शक्तीच्या मान्यताप्राप्त संचांसाठी. ५ वॅटचा के५ त्यात येत नाही.

आधी आत काय आहे ते. रेडिओचं सगळं काम बीके४८१९ ही एकच चिप करते. ती मुळातच साधारण १८ ते ६३० आणि ८४० ते १३०० मेगाहर्ट्झ ट्यून होते. मधली फट कुठल्याही फर्मवेअरने भरत नाही. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये ऐकण्याची मर्यादा ५० ते ६०० आहे. एफएम प्रसारणासाठी बीके१०८० ही वेगळी चिप आहे. म्हणजे ‘मॉड’ करताना सोल्डरिंग काहीच नाही, सॉफ्टवेअरने घातलेलं कुंपण फक्त काढायचं. चिपच्या पुढची फिल्टरं मात्र व्हीएचएफ (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि यूएचएफ (४३५ च्या आसपास) हॅम-व्यावसायिक पट्ट्यांसाठी बनवलेली आहेत आणि ती तशीच राहतात. पुढचं सगळं या एका गोष्टीवर ठरतं.

फ्लॅश मारण्यापूर्वी, म्हणजे नवं फर्मवेअर भरण्यापूर्वी, दोन गोष्टी बघा. पहिली, संच कुठल्या आवृत्तीचा आहे. के५ची व्ही३ आवृत्ती आणि यूव्ही-के१ यांत प्रोसेसर वेगळा आहे, जुन्या के५चं फर्मवेअर त्यांत चालत नाही. दुसरी, केबल. दोन पिनांची केनवूड पद्धतीची केबल लागते, सीएच३४० चिपवाली घ्या. नकली प्रोलिफिक चिपच्या केबली विंडोजच्या नव्या ड्रायव्हरवर ओळखल्याच जात नाहीत, आणि मग माणूस संचाला दोष देत बसतो. प्लग संचाच्या खाचेत पूर्ण बसत नाही ही तर नेहमीची तक्रार. शेवटचा मिलिमीटर जोर लावून दाबावा लागतो. तरी बसला नाही तर प्लगच्या प्लॅस्टिकची कड ब्लेडने थोडी तासायची.

सगळ्यात आधी ईप्रॉमचा (सेटिंग साठवणाऱ्या मेमरीचा) पूर्ण बॅकअप घ्या, संच नेहमीसारखा चालू असताना. त्यातला १ई०० या पत्त्यापासून पुढचा भाग म्हणजे त्या एका संचाचं कॅलिब्रेशन: स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय), पॉवर, बॅटरीचं माप. दुसऱ्याच्या संचाची फाइल भरली तर संच चालू होतो, पण स्क्वेल्च भलतीकडे उघडतो आणि पॉवर चुकते. बॅकअप झाला की संच बंद करा, पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. स्क्रीन कोरी राहते आणि टॉर्चचा एलईडी पेटतो, तो फ्लॅश मोड. क्रोम किंवा एजमधून ब्राउझरवरच फर्मवेअर भरता येतं. मध्येच वीज गेली तरी घाबरू नका, बूटलोडर वेगळा राहतो. पुन्हा पीटीटी धरून सुरुवात करायची. फर्मवेअरला एकूण ६० केबी जागा आहे. म्हणूनच एका आवृत्तीत स्पेक्ट्रम (पट्ट्यातले सिग्नल आलेखात दाखवणारी सोय) मिळतो तर दुसरं काहीतरी काढलेलं असतं. सगळं एकत्र मागू नका.

आता ट्रान्समिट. पीटीटी आणि वरचं साइड बटण एकत्र धरून संच चालू केला की लपलेला मेनू उघडतो. त्यात ‘एफ लॉक’ आहे. तो ‘सीई हॅम’वर ठेवा: १४४–१४६ आणि ४३०–४४०. आपला वरचा बँड ४३४ ते ४३८ एवढाच आहे, त्यामुळे दोन्ही टोकांचा उरलेला भाग आपला आपणच टाळायचा. ‘अनलॉक ऑल’ला हात लावू नका, आणि हे केवळ कायद्यापुरतं नाही. समजा कोणी ५० मेगाहर्ट्झवर पीटीटी दाबला. दुसरा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत निघणारा नको असलेला सिग्नल) १०० वर, तिसरा १५० वर. आउटपुटचा लो-पास फिल्टर व्हीएचएफ बँड सहज जाऊ देतो, म्हणजे हे दोन्ही त्यातून आरामात बाहेर पडतात: एक शेजारच्यांच्या एफएम रेडिओत, दुसरा कुणाच्या तरी व्यावसायिक वायरलेसमध्ये. शिवाय तिथे पॉवर स्टेजचं मॅचिंग नसतं आणि सोबतची अँटेना जुळत नाही. बॅटरीतली वीज उष्णता होऊन जाते.

ऐकण्याच्या बाबतीत मात्र मर्यादा उघडणं उपयोगाचं आहे, पण ठिकाण बघून. ५० च्या खाली संच जवळपास बहिरा आहे. २८ मेगाहर्ट्झला पाव लांबीची तार २.६ मीटर होते. ती लावली तरी जवळचे, जोरदार सिग्नलच येतात. १२६० च्या वरही तसंच. ८६५ ते ८६७ मध्ये जवळच्या मीटर-सेन्सरांची बारीक किरकिर स्पेक्ट्रमवर दिसते, आपलं यंत्र सुरू आहे का बघायला ती पुरते. ‘यूएसबी’ (अप्पर साइडबँड, केबलची यूएसबी नव्हे) मोड आहे, पण आवाज सांभाळणारं एजीसी नीट नाही. बँड चालू आहे एवढं कळतं, गप्पा ऐकायला तो नको. पोलीस, विमानतळ वगैरेंचं बोलणं ऐकायला आपल्याकडे परवानगी नाही, संचात ते पट्टे उघडले म्हणून ती मिळत नाही.

सर्वांत मोठा त्रास ओव्हरलोडचा. शहरात एफएमच्या मनोऱ्याजवळ किंवा सिंहगडासारख्या मनोरा असलेल्या गडावर बाहेरची मोठी अँटेना लावली की स्पेक्ट्रम (एफ आणि ५) गच्च भरतो. त्यातलं बरंच खोटं असतं, जोरदार स्टेशनं चिपमध्येच एकमेकांत मिसळून तयार झालेलं. ओळखायची खात्रीची रीत अशी: अँटेनाच्या वाटेत १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा जोड) घाला. खरा सिग्नल १० डीबीने उतरतो, मिसळणीतून आलेला २० किंवा ३० डीबीने कोसळतो. अटेन्युएटर लावलेला असताना पीटीटी दाबू नका, छोटा अटेन्युएटर ५ वॅट झेलत नाही.

यावर स्वस्त इलाज म्हणजे आरजी-५८ केबलचा स्टब. टी-कनेक्टरवर ५०.५ सेंटिमीटर केबल, दुसरं टोक उघडं. ९८ मेगाहर्ट्झच्या आसपास ती सिग्नल जमिनीला लावते. ५३ सेंटिमीटर कापा आणि स्पेक्ट्रम बघत अर्धा-अर्धा सेंटिमीटर छाटत या. कमी झालेली केबल परत जोडता येत नाही. १४५ वर यात साधारण १ डीबी जातो, ऐकण्यापुरता तो चालतो. ट्रान्समिटच्या वेळी स्टब काढायचा, कारण एसडब्ल्यूआर (अँटेनाच्या बाजूने किती शक्ती परत येते त्याचं माप) अडीचच्या वर जातो.

खरा आनंद मात्र लागला तो बँडच्या आतच, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रिपीटरवर (आलेला आवाज दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर पुन्हा पाठवणारा संच). डाउनलिंक (आपण ऐकायची फ्रिक्वेन्सी) ४३७.८००, अपलिंक (आपण बोलायची) १४५.९९०, रिपीटर उघडायला आवाजासोबत जाणारा टोन ६७ हर्ट्झ. डॉप्लरमुळे, म्हणजे स्थानकाच्या वेगामुळे, डाउनलिंक वर-खाली सुमारे १० किलोहर्ट्झ सरकतो, म्हणून पाच मेमरी भरून ठेवा: ४३७.८१०, ८०५, ८००, ७९५, ७९०. स्थानक उगवताना पहिली, मावळताना शेवटची. पाचही मेमरींत ट्रान्समिट तेच ठेवा, तिकडचा सरक एफएममध्ये खपून जातो. के५ एकाच वेळी ऐकत आणि बोलत नाही, त्यामुळे आपला आवाज पोचला का हे समोरच्याच्या उत्तरावरूनच कळतं. कॉल छोटा द्या, लगेच पीटीटी सोडा. आणि यूएसबी-सी चार्जर काढून ठेवा, त्याच्या गोंगाटात दुबळा डाउनलिंक सहज बुडतो.