ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत न्यूरोसायन्स: दीड वर्षाच्या वापरानंतर, आणि ते चॅपलचं स्कॅनर

काल रजिस्ट्रेशनला होल्ड लागला म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसलेय, त्यामुळे सूर तिरका लागला तर समजून घ्या. कोर्स कसा असतो, किती क्रेडिट, कुठला विषय कधी, हे सगळीकडे मिळतं, ते परत टाइप करत नाही. मी चौथ्या सेमिस्टरला आहे. मी ख्रिश्चन नाही, आणि युनिव्हर्सिटीचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

आधी होल्ड. इथे आठवड्यातून तीनदा चॅपल, म्हणजे सामूहिक प्रार्थना आणि प्रवचन, असतं, सकाळी दहाला, आणि सेमिस्टरमध्ये ठरावीक हजेऱ्या भरल्याच पाहिजेत. हे मला प्रवेश घेतानाच माहीत होतं आणि त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार स्कॅनरबद्दल आहे. दाराशी एक स्कॅनर असतो, तो दहा वाजून दहा मिनिटांनी बंद होतो. त्यानंतर तुम्ही आत जाऊन बसू शकता, गाणी म्हणू शकता, अख्खं प्रवचन ऐकू शकता, पण अॅपच्या दृष्टीने तुम्ही नव्हताच. आणि माझी लॅब त्याच दिवशी नऊ पन्नासला सुटते. सुटते म्हणजे कागदावर. मेंढीचा मेंदू परत डब्यात ठेवायचा, ट्रे धुवायचा, ब्लेड मोजून जमा करायची, हातमोजे काढून साबणाने तीनदा हात धुवायचे (मेंदू टिकवायला लावलेल्या फॉर्मलिनचा वास तरी जात नाही तो नाहीच), आणि मग कॅम्पसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं. दहा बारा. कधी दहा अकरा. पाच वेळा असं झालं. पाचही वेळा मी शेवटच्या रांगेत बसले होते, शेजारची मुलगी वासाने दोन खुर्च्या लांब सरकली होती, म्हणजे साक्षीदार आहे. ऑफिसचं उत्तर एकच, सिस्टीममध्ये नाही म्हणजे नाही. न दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या संस्थेने समोर बसलेल्या माणसावर ठेवू नये याची गंमत मी मेलमध्ये लिहिली होती, मग पाठवण्याआधी खोडली.

हजेऱ्या कमी पडल्या म्हणून होल्ड, आणि होल्ड म्हणजे पुढच्या सेमिस्टरचे विषय निवडता येत नाहीत, आणि न्यूरोअॅनाटॉमीच्या जागा सोळाच आहेत, त्या पहिल्या तासात जातात. एवढंच.

आता लोक खरं जे विचारतात ते. उत्क्रांती शिकवतात का, मेंदूच्या वर्गात देव आणतात का. मीही याच भीतीने आले होते. तर शिकवतात, नीट शिकवतात. मेंढीच्या मेंदूत वास घेणारे घ्राणकंद केवढे मोठे आणि आपले केवढेसे, हे त्याशिवाय कसं समजावणार. न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूच्या पेशीचा, आराम स्थितीतला व्होल्टेज साधारण उणे ७० मिलिव्होल्ट, तो बायबल कॉलेजात बदलत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांचं १९५२ चं काम, न्यूरॉनमधून विद्युत लहर कशी जाते यावरचं, स्क्विड या समुद्री प्राण्याच्या पेशीतल्या लांब तंतूवर, म्हणजे जाड अॅक्सॉनवर केलेलं, ते इथेही तितकंच कठीण आहे. फरक इतकाच की परीक्षेआधी सर एक मिनिट प्रार्थना करतात, आणि नर्न्स्ट समीकरणाच्या (पेशीच्या व्होल्टेजचं गणित) पेपरला मीही मनापासून हात जोडले होते. पण हे माझ्या जागेपुरतं. अशा काही संस्था विद्यार्थ्यांकडूनही श्रद्धेच्या निवेदनावर सही घेतात, काहींमध्ये ती फक्त शिकवणाऱ्यांना लागते, तेव्हा प्रवेशाआधी ते पान पूर्ण वाचा, खालची बारीक अक्षरं धरून.

खरा खर्च वेगळीकडे होतो. धर्मशास्त्राचे सक्तीचे क्रेडिट आहेत आणि ते इलेक्टिव्हच्या जागा खातात. मला डेटा अॅनालिसिसचा प्रोग्रामिंगवाला विषय घ्यायचा होता, बसलाच नाही, तो मी रात्री फुकटच्या व्हिडिओंवरून शिकतेय. फी प्रत्येक क्रेडिटची भरायची आणि हवा तो विषय घरी शिकायचा, हे पहिलं वर्षभर मला रोज टोचायचं. पुस्तकावर मात्र मी पैसे वाचवले, मागची आवृत्ती सेकंडहँड घेतली. आयन चॅनेलचं (पेशीच्या पडद्यातली आयनांची दारं) प्रकरण तेच आहे, फक्त गृहपाठाच्या प्रश्नांचे आकडे जुळत नाहीत, त्यामुळे दर आठवड्याला कुणाकडून तरी फोटो मागायचा. चालतं.

उपकरणांचं म्हणाल तर गरिबी आहे. एमआरआय नाही. ईईजीचं, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपणारं, एक मशीन आहे, त्याच्या टोपीतला एक इलेक्ट्रोड मेलेला आहे. पण इथे पीएचडीचे विद्यार्थीच नाहीत, त्यामुळे ते एक मशीन आम्हालाच मिळतं. मोठ्या ठिकाणी गेलेली माझी मैत्रीण दुसऱ्या वर्षी फक्त बाटल्या धुतेय आणि मी तिसऱ्या सेमिस्टरला लिबेटचा प्रयोग स्वतः लावलाय. बेंजामिन लिबेट, १९८३. माणसाला सांगायचं, मनात येईल तेव्हा मनगट हलव, आणि ते मनात आलं त्या क्षणी घड्याळावरचा ठिपका कुठे होता ते सांग. ठिपक्याची एक फेरी २.५६ सेकंदांची. लिबेटला दिसलं की हालचालीची मेंदूतली तयारी आधीच, जवळपास अर्धा सेकंद आधी, सुरू झालेली असते आणि माणसाला इच्छा झाल्याचं जाणवतं ते हालचालीच्या सुमारे दोनशे मिलिसेकंद आधी. आमच्याकडे जे दिसलं ते मुख्यतः पापण्या लवल्याचे डोंगर होते. माझे केस दाट असल्यामुळे इलेक्ट्रोडचं जेल दोन दिवस निघालं नाही, हाही प्रयोगाचा निष्कर्ष समजा. चाळीस वेळा हलवून सरासरी काढली तेव्हा डोक्याच्या मध्यावरच्या इलेक्ट्रोडला एक फिकट उतार दिसला. लॅबमध्ये टाळ्या वाजल्या, खोटं नाही सांगत.

आणि इथे माझं मत बदलायला लागलं. कारण या प्रयोगानंतर जो वाद झाला तो मला वाटतं दुसरीकडे झाला नसता. धर्मशास्त्राची एक मुलगी आमच्या वर्गात आहे, तिला इच्छास्वातंत्र्य म्हणजे काही कॉफीच्या वेळी बोलायचा विषय नाही, पाप आणि क्षमा सगळं त्यावर उभं आहे. तिने लिबेटचा पेपर आमच्यापेक्षा बारकाईने वाचला होता. मग सरांनी २०१२ चा शर्गर आणि सहकाऱ्यांचा पेपर काढला, की तो उतार म्हणजे मेंदूने गुपचूप घेतलेला निर्णय असेलच असं नाही. मेंदूत आपोआप चालणारे चढउतार एका पातळीला पोचले की हालचाल होते, आणि तुम्ही दर वेळी हालचालीपासून मागे मोजून सरासरी काढता म्हणून तो उतार दिसतो. ती खूश, मी नाराज. मग सर तिला म्हणाले, याने तुझं म्हणणंही सिद्ध होत नाही. मग दोघी नाराज. नव्वद मिनिटं कुणी फोन बघितला नाही.

रेल्वेच्या कामावरच्या फिनिअस गेजचंही तसंच. १८४८ मध्ये लोखंडी पहार डोक्यातून आरपार गेली, माणूस जगला पण जवळच्यांना तो पूर्वीचा वाटेना, हे प्रत्येक पुस्तकात असतं, परीक्षेत फ्रंटल लोब (मेंदूचा पुढचा भाग) लिहून मार्क घ्यायचे. इथे प्रश्न आला की चांगुलपणा ऊतीत असेल तर जबाबदार कोण. याचे मार्क नव्हते म्हणून मी आधी वैतागले होते.

अपडेट: वरचं लिहून चार दिवस झाले. लॅबच्या सरांनी पत्र दिलं की ही मुलगी अमुक दिवशी नऊ पंचावन्नपर्यंत ट्रे धूत होती. पाचपैकी चार हजेऱ्या मिळाल्या. पाचवीला पत्र चाललं नाही, कारण त्या दिवशी म्हणे लॅबला अधिकृत सुट्टी होती (होती, पण मी मेंदू पूर्ण करायला गेले होते, ती माझी चूक धरा). पर्याय दिला, चॅपलच्या कुठल्याही एका रेकॉर्डिंगवर दोन पानं लिहा. मी मुद्दाम त्याच दिवसाचं प्रवचन निवडलं. रेकॉर्डिंग लावलंच नाही, आठवणीतून लिहिलं.

ते प्रवचन स्टेनोवर होतं. निकोलस स्टेनो, डॅनिश शरीरशास्त्रज्ञ. तत्त्वज्ञ देकार्तने आत्म्याचं आसन मेंदूतल्या पिनियल या छोट्या ग्रंथीत ठेवलं होतं, मेंदूत बाकी सगळं जोडीने आणि ही एकटी, म्हणून. शिवाय ही ग्रंथी इकडे तिकडे कलते आणि त्यातून शरीर हलतं असं त्याचं यंत्र होतं. १६६५ मध्ये पॅरिसला स्टेनोने मेंदूवर व्याख्यान दिलं, सुरुवातीलाच कबूल केलं की मला मेंदूबद्दल काही कळत नाही, आणि मग सांगितलं की ग्रंथी आजूबाजूला घट्ट चिकटलेली आहे, ती अशी कलूच शकत नाही. आत्मा नाही असं तो म्हणत नव्हता, तुम्ही कापून बघितलं नाहीत असं म्हणत होता. हाच माणूस पुढे कॅथलिक झाला, १६७७ मध्ये बिशप झाला, आणि १९८८ मध्ये चर्चने त्याला धन्य (संतपदाआधीची पायरी) घोषित केलं. त्या दिवशी लॅबमध्ये मी नेमकी तीच ग्रंथी शोधत होते. मेंढीचा सेरेबेलम (मागचा छोटा मेंदू) हळूच खाली वाकवला की चार उंचवटे दिसतात आणि त्यांच्या पुढे ती, वाटाण्यापेक्षा फार मोठी नाही. चिमट्याने ढकलून बघितली. हलत नाही. म्हणूनच तर उशीर झाला होता.

हे सगळं दोन पानांत लिहिलं, फक्त चिमट्याचं वाक्य काढलं, कारण त्यावरून मी उशिरा आल्याचं कबूल झालं असतं. त्याच दुपारी होल्ड निघाला. न्यूरोअॅनाटॉमी तोवर भरली होती, वेटलिस्टवर तिसरी आहे.

पाचपैकी चार तारे. पाव स्कॅनरचा कापला, पाव त्या इलेक्टिव्हचा, अर्धा मेलेल्या इलेक्ट्रोडचा. मागच्या वर्षी विचारलं असतं तर अडीच दिले असते. वेटलिस्ट सरकली तर न्यूरोअॅनाटॉमीची लॅब गुरुवारी आहे, गुरुवारी चॅपल नसतं. टाइमटेबल उघडल्यावर मी आधी तेच बघितलं.