निराधार योजनेचे अर्ज भरून देणारे सेवा केंद्र : अभिप्राय
जळगावच्या फुले मार्केटमध्ये कापड दुकानाचे व्यवस्थापन पाहिलेल्या ताई आता तहसील कार्यालयाजवळ हे केंद्र चालवतात, आणि गिऱ्हाइकाला आधी बसवून, पाणी देऊन मगच कामाचे बोलण्याची दुकानातली सवय त्यांनी राखली आहे. माझ्या विधवा मावशीचा संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरताना त्यांनी २१,००० रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्नाचा दाखला आणि महाराष्ट्रातील १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा आधीच मागून घेतला. काकांच्या मृत्यू दाखल्यावरील आडनावाची वेलांटी आधार कार्डाशी जुळत नसल्याचेही त्यांनीच हेरले. सगळे अहिराणीतून समजावल्याने मावशी मोकळेपणाने बोलली. मंजुरी आपल्या हाती नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. दरफलक मात्र झेरॉक्स यंत्रामागे दडला आहे. तो दर्शनी भागात लावावा.