डिस्कॉग्ज: एका क्लॅरिनेटवाल्याच्या एलपी मांडायला कितपत कामाचं?

डिस्कॉग्ज या वेबसाइटवर आपला रेकॉर्डसंग्रह नोंदवायला पैसे पडत नाहीत. मोबाइल अ‍ॅप आहे, माहिती जगभरच्या संग्राहकांनी भरलेली आहे, आणि नोंद चुकली तर दुसरा कोणीतरी येऊन ती दुरुस्त करतो. केविन लेवान्डोव्स्की यांनी २००० साली साइट सुरू केली ती इलेक्ट्रॉनिक संगीतासाठी. जॅझ मागाहून आलं, आणि हे मूळ आजही जाणवतं. आपल्या हातातली तबकडी कुठल्या देशाची, कुठल्या छपाईची, हे ती फार बारकाईने सांगते. त्या तबकडीवर कोण, कधी, कुणाबरोबर वाजवतोय याबाबत मात्र तिचा भरवसा धरता येत नाही. एकाच वादकाचा संग्रह लावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

कसोटीला जॅझ क्लॅरिनेटवादक टोनी स्कॉट (१९२१–२००७) घेतला. जन्म न्यू जर्सीचा, नाव बदललेलं, १९५० च्या दशकात ब्रन्सविक, आरसीए, कोरल, सीको अशा अनेक लेबलांवर फिरलेला. १९५९ च्या अखेरीस त्याने अमेरिका सोडली आणि पुढची काही वर्षं जपान, इंडोनेशिया असा आशियाभर हिंडला. अशा माणसाच्या एलपी नीट लागल्या तर बेनी गुडमनसारख्या नामवंत क्लॅरिनेटवाल्याच्या सहज लागतील.

पहिली ठेच नावालाच लागते. टोनी स्कॉट नावाचा नेदरलँड्सचा रॅपर आहे, सिनेदिग्दर्शकही आहे. साइट एकाच नावाच्या माणसांना कंसात आकडा देऊन वेगळं करते, पण नोंद भरणारा घाईत असला की क्लॅरिनेटवाल्याचं श्रेय रॅपरच्या खात्यात जमा होतं. म्हणून शोध नावाने घेऊ नये, कॅटलॉग क्रमांकाने घ्यावा (साइटवर अर्थात रोमन अक्षरांत). आरसीएच्या तीन मुख्य एलपी अशा: 'बोथ साइड्स ऑफ टोनी स्कॉट' एलपीएम-१२६८, 'द टच ऑफ टोनी स्कॉट' एलपीएम-१३५३, 'द कम्प्लीट टोनी स्कॉट' एलपीएम-१४५२. एलपीएम म्हणजे मोनो, एलएसपी म्हणजे स्टीरिओ. अ‍ॅपमधला बारकोड स्कॅनर इथे शोभेपुरता. त्या काळच्या कव्हरवर बारकोड नसतोच.

क्रमांक टाकला की एकाच एलपीच्या चार-पाच आवृत्त्या समोर येतात: अमेरिकन, जपानी, स्पॅनिश, पुनर्मुद्रण. कव्हर बघून यातली एक निवडणं ही सर्रास होणारी चूक. कव्हर वर्षानुवर्षं तेच राहतं. बदलतो तो लेबलावरचा बारीक मजकूर आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला क्रमांक, म्हणजे रनआउट.

रनआउट वाचायला ट्यूबलाइट कुचकामी. खोली अंधारी करायची, टॉर्च तबकडीला जवळजवळ समांतर धरायचा, तबकडी हळूहळू फिरवत मोबाइलने झूम करून तुकड्यातुकड्याने फोटो घ्यायचे. दोन्ही बाजू वेगळ्या लिहायच्या, आणि ठशाने उमटवलेलं काय, हाताने कोरलेलं काय, तेही टिपायचं. आरसीएच्या मोनो एलपींत मॅट्रिक्स क्रमांकाचं (रनआउटमधल्या या क्रमांकाचं) पहिलं अक्षर वर्ष सांगतं: जी म्हणजे १९५६, एच म्हणजे १९५७, जे म्हणजे १९५८. शेवटी '१एस', '३एस', '११एस' असं काहीतरी असतं. '१एस असेल तर सगळ्यांत आधीची प्रत' हा समज पक्का रुजला आहे, पण त्याला तितका आधार नाही. आरसीए एकाच वेळी अनेक लॅकर (छपाईसाठीच्या मूळ तबकड्या) कापून वेगवेगळ्या कारखान्यांना पाठवत असे, त्यामुळे ५एस आणि १एस एकाच महिन्यातल्या असू शकतात. कारखान्याचं अक्षर वेगळं शोधावं लागतं: आय इंडियानापोलिसचं, आर रॉकअवेचं, एच हॉलिवुडचं. हे एकटं 'आय' हमखास '१' म्हणून वाचलं जातं आणि इंडियानापोलिसची प्रत भलत्याच नोंदीत जाऊन बसते.

सगळं जुळलं पण एसच्या आधीचा आकडाच वेगळा निघाला, तर नवी नोंद करायची नाही. असलेल्याच नोंदीत तो 'व्हेरियंट' म्हणून जोडायचा. कारखाना वेगळा निघाला तर मात्र 'कॉपी टू ड्राफ्ट' (जुन्या नोंदीची नक्कल) करून स्वतंत्र नोंद. इथे साइटचा पहिला खरा दोष दिसतो. नोंदीत सात व्हेरियंट असले, तरी त्यातला आपल्या कपाटातला कुठला, हे तुमच्या संग्रहात कुठेच उमटत नाही. उपाय सोपा आहे. संग्रहाच्या सेटिंगमध्ये स्वतःचे रकाने जोडता येतात. तिथे 'रनआउट' नावाचा मजकुराचा रकाना पहिल्याच दिवशी करून ठेवा. पन्नास रेकॉर्ड नोंदवून झाल्यावर हे सुचलं तर पन्नासही पुन्हा टॉर्चखाली घ्याव्या लागतात.

दुसरा रकाना 'सेशन'चा, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या बैठकीचा. तो नसेल तर स्कॉटचा संग्रह नुसती यादी होऊन बसतो. १६ नोव्हेंबर १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये स्कॉट, क्लार्क टेरी, जिमी नेपर, बिल एव्हान्स, पॉल मोशन वगैरे मंडळींनी जे वाजवलं, ते एका एलपीत मावलं नाही. काही सीकोच्या 'द मॉडर्न आर्ट ऑफ जॅझ'मध्ये गेलं, काही कार्लटनच्या 'फ्री ब्लोन जॅझ'मध्ये, आणि पुढे फ्रेश साउंडने 'अ डे इन न्यूयॉर्क' या नावाने ते परत काढलं. डिस्कॉग्जच्या लेखी या तीन स्वतंत्र वस्तू. एकमेकींशी नातं काही नाही. उलट 'संग हीरोज' बघा. एव्हान्स, स्कॉट लफारो आणि मोशन यांच्याबरोबरचं हे काम १९५९ चं, पण सनीसाइडने ते एलपीवर आणलं १९८६ साली. साइट प्रकाशनवर्षाने लावते, त्यामुळे ऐकणाऱ्याला ते स्कॉटच्या पुढच्या काळातल्या झेन आणि योगाच्या रेकॉर्डनंतर सापडतं आणि या माणसाचा प्रवासच उलटा दिसतो. सेशनच्या रकान्यात तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने आणि पुढे एखादं अक्षर लावून लिहा: 'स १९५७-११-१६'. अक्षर नसेल तर एक्सेल तिला स्वतःच्या साच्यात बसवतं. सेशननुसार रचलेली सूची हवी तर टॉम लॉर्ड यांची 'द जॅझ डिस्कोग्राफी' आहे. ती विकत घ्यावी लागते आणि तिला तुमच्या कपाटातल्या प्रतीचं सोयरसुतक नाही. दोन्हींची गाठ आपणच घालायची.

साथीदार म्हणून वाजवलेलं शोधताना साइटचं पारडं पुन्हा जड होतं. कलाकाराच्या पानावर 'इन्स्ट्रुमेंट्स अँड परफॉर्मन्स' हा गाळणा लावला की बिली हॉलिडेच्या 'लेडी सिंग्ज द ब्लूज'सारखी नावं निघतात. १९५६ च्या जूनमधल्या त्या सेशनला क्लॅरिनेट स्कॉटची. मात्र कव्हरमागची श्रेयनामावली कोणी टाइप केली असेल तरच हे दिसतं. हॅरी बेलाफॉन्टेची 'कॅलिप्सो' (एलपीएम-१२४८) घ्या. तिच्यातला 'डे-ओ'चा वाद्यवृंद टोनी स्कॉटचाच. मुंबईत ही एलपी जॅझच्या खणात धुंडाळू नका; कंट्री गायक जिम रीव्ह्ज जिथे थप्पीने पडलेला असतो त्याच पेटीत हात घाला. एलएसपी-१२४८ च्या पुढे कंसात 'ई' असेल तर तो मोनोवरून यंत्राने बनवलेला खोटा स्टीरिओ. तो सोडून मोनोच घ्या.

दर्जा लिहायला साइट गोल्डमाइनची श्रेणी वापरते: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी आणि पुढे उतरत पुअरपर्यंत. ही श्रेणी दमट हवा न पाहिलेल्या लोकांची आहे. मुंबईत चार पावसाळे काढलेली तबकडी ओरखड्याविना असते, पण तिच्यावर पांढरे ठिपके असतात आणि कव्हरला कुबट वास. त्यासाठी तिसरा रकाना करा, ड्रॉपडाउनचा: बुरशी नाही, कव्हरवर, तबकडीवर, धुऊन गेली. दर्जा धुतल्यावरच लिहा. डिस्टिल्ड वॉटर पुरतं. नळाचं पाणी वाळताना खोबणीत क्षार सोडतं. पीव्हीसीच्या जाड पिशव्या काढून पॉलिप्रॉपिलीनच्या घाला, कारण पीव्हीसी उष्ण-दमट हवेत तबकडीवर धुरकट डाग पाडतं. कव्हरवर रिदम हाउसचा किंवा कुठल्या वाचनालयाचा शिक्का असेल तर तो खरवडू नका, टिपणात लिहा. काळा घोड्याचं ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. प्रत या शहरात कुठून आली याचा पुरावा एवढाच उरतो. लेबलावर डमडम (कोलकात्याजवळचा रेकॉर्डचा कारखाना) किंवा 'मेड इन इंडिया' दिसलं तर देश भारतच निवडा. ती नोंद साइटवर नसेल तर स्वतः करा, जवळची ब्रिटिश नोंद चिकटवून मोकळं होऊ नका.

संग्रहाची किंमत साइट किमान, मध्यम आणि कमाल अशी दाखवते. आकडा मोहात पाडणारा आहे, पण तो जगभरच्या विक्रीचा. मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर भाव करताना तो काढलात तर दुकानदारही मोबाइल काढून कमाल किंमत दाखवेल, आणि त्याचं चूक म्हणता येणार नाही. विक्रीच्या इतिहासात जाऊन व्हीजी दर्जाची प्रत शेवटी कितीला गेली तेवढं बघा.

दर दोन-तीन महिन्यांनी संग्रहाची सीएसव्ही फाइल उतरवून ठेवा. तिच्यात कॅटलॉग क्रमांक, लेबल, स्वरूप, वर्ष आणि तुमचे रकाने येतात. देश आणि रनआउट येत नाहीत, म्हणूनच वरचा खटाटोप. फाइल एक्सेलमध्ये थेट उघडू नका. 'यूटीएफ-८' निवडून आयात करा, नाहीतर मराठी टिपणांचा चुराडा होतो.

सुरुवात 'म्युझिक फॉर झेन मेडिटेशन'ने करायचा मोह होईल, कारण स्कॉटची तीच एलपी सहज मिळते. पण आवृत्त्यांचा गुंता सगळ्यांत मोठा तिथेच: व्हर्व्ह लेबलची मोनो व्ही-८६३४, स्टीरिओ व्ही६-८६३४, आणि १९७२ मध्ये व्हर्व्ह एमजीएमकडून पॉलिग्रामकडे गेल्यावरची पुनर्मुद्रणं वेगळीच. आधी आरसीएच्या तीन लावा, डोळा सरावू द्या. व्हर्व्हकडे वळाल तेव्हा कव्हर उलटून ठेवा आणि लेबलाच्या काठावर 'एमजीएम' आहे की नाही तेवढं आधी वाचा.