सातारा रोडची बस लेन आठ महिने रोज वापरून काय वाटलं

मी पुण्यात बालाजीनगरला राहते, काम अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानात हिशेब बघते. आधी स्कूटीनं जायचे पण कंबरदुखी वाढली, डॉक्टरांनी स्कूटी बंदच करायला सांगितली म्हणून बसचा पास काढला. आठ महिने झाले.

कात्रज ते स्वारगेट लेन खरंच काम करते. २००६ च्या डिसेंबरमध्ये देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, म्हणून हीच सुरू झाली, तेव्हा मी कॉलेजला होते आणि घरीदारी सगळे तिला शिव्या घालायचे, मीसुद्धा. आज सकाळी साडेनऊला शेजारी गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात आणि आमची बस पद्मावती, सिटीप्राइड करत १४-१५ मिनिटांत स्वारगेटला पोचते. स्कूटीवर मला कधी २५ च्या आत जमलं नव्हतं. स्टॉप रस्त्याच्या मधोमध आहेत म्हणून दार उजवीकडचं उघडतं, नवीन माणूस डावीकडे उभा राहतो आणि मग धावपळ, तेवढं लक्षात ठेवा. वॉर्डन उभा असेल त्या चौकात दुचाकीवाले लेनमध्ये येत नाहीत, नसेल तिथे सर्रास येतात. मधल्या स्टॉपवर जायला अर्धा रस्ता ओलांडावा लागतो, सिग्नल सुटलेला असला की म्हातारी माणसं तिथंच अडकून राहतात, रोज बघते आणि जीव वरखाली होतो.

पण खरा प्रश्न पुढे आहे. लक्ष्मीनारायण टॉकीज आलं की लेनचा फायदा संपला. स्वारगेट चौक, मग बाजीराव रोड, आणि जेमतेम अडीच किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं. म्हणजे जिथे रस्ता रुंद तिथे बसला स्वतःची जागा आणि जिथे अरुंद, जिथे बसची सगळ्यात जास्त गरज, तिथे ती रिक्षा टेम्पोच्या मागे उभी. रस्ता लहान आहे मान्य, वाडे पाडून तर रुंद करा असं मी म्हणत नाही, पण बाजीराव रोड एकेरी आहे आणि कडेला गाड्या लावलेल्या असतात. सकाळी ९ ते ११ तेवढं पार्किंग बंद केलं तर बसपुरती एक पट्टी नक्की मिळेल असं मला रोज खिडकीतून बघून वाटतं.

एकेरी रस्त्यांचा आणखी एक त्रास म्हणजे जाताना बाजीराव रोड आणि येताना शिवाजी रोड, त्यामुळे उतरायचा स्टॉप एक आणि परत चढायचा भलतीकडे. मी संध्याकाळी मंडईपर्यंत चालत येते, मला चालतं, पण गुडघे दुखणाऱ्याला ते अंतर मोठं आहे.

गणपतीत तर शिवाजी रोड बंद असतो आणि स्वारगेटच्या बस जंगली महाराज रोड, अलका टॉकीजवरून वळवतात. हे दरवर्षीचं आहे, मला माहीत होतं तरी एक दिवस सासूबाई सोबत होत्या आणि मला वाटलं अजून बंद झाला नसेल. मंडईच्या स्टॉपवर ४० मिनिटं उभ्या राहिलो. बोर्ड नाही, कागद नाही. शेवटी फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, गाडी टिळक रोडनं जातीय, इथं नाय यायची." सासूबाई ७१ वर्षांच्या, त्यांना गर्दीतून हाताला धरून टिळक रोडला नेलं, वाटेत दोनदा पायरीवर बसवलं. स्टॉपवर एक कागद चिकटवायला किती वेळ लागतो? मला त्या दिवशी रडू आलं होतं.

खर्चाचं बोलायचं तर १ जून २०२५ पासून कमीत कमी तिकीट ५ चं १० झालं, दिवसाचा पास ७०, महिन्याचा १५००. आमच्याकडच्या धुणंभांडी करणाऱ्या ताई आता पद्मावतीपर्यंत चालत जातात. माझं पेट्रोल आणि पार्किंग धरलं तर मला अजून परवडतं, त्यांना नाही, आणि बस मुळात त्यांच्यासाठी आहे ना.

सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रो आहे, स्वारगेटला उतरून तीही करून बघितली. खाली उतरा, वर चढा धरून वेळ बसएवढाच, पण पावसात आणि गणपतीत बरी. सासूबाईंना घेऊन जायचं असेल तर मी आता बसनं स्वारगेट आणि पुढे मेट्रो असंच करते, लिफ्ट कुठे आहे ते मात्र आधी एकदा एकट्यानं जाऊन बघून ठेवा.