समुद्रावरच्या ताणांचा जागतिक नकाशा मालवणात वापरून बघितला: 5 पैकी साडेतीन स्टार

समुद्रावर माणसाचा एकूण किती भार पडतोय ते दाखवणारा एक नकाशा आहे, अमेरिकेतल्या बेन हाल्पर्न आणि त्यांच्या टीमने 2008 मध्ये सायन्स या विज्ञान-साप्ताहिकात छापलेला. डेटा फुकट डाउनलोड होतो, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो. मराठीत यावर कोणी वापरून लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि आपल्याकडे किनाऱ्यावर काम करणाऱ्या पोरांना याची खरंच गरज आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी हे चालतं कसं ते. अख्ख्या समुद्राचे साधारण 1 किलोमीटरचे चौकोन पाडलेत आणि प्रत्येक चौकोनात 17 प्रकारचे ताण मोजलेत, म्हणजे मासेमारीचेच सहा प्रकार, शेतातून वाहून येणारं खत, कीटकनाशकं, जहाजांची ये-जा, पाण्याचं तापमान, आम्लता वगैरे. मग त्या चौकोनात खाली काय आहे, प्रवाळ की चिखल की खडक, ते बघायचं आणि ती जागा त्या त्या ताणाला किती नाजूक आहे त्या आकड्याने गुणायचं, आणि सगळ्याची बेरीज. एवढंच. त्यातून निघालं की 41 टक्के समुद्रावर अनेक ताणांचा एकत्रित जोरदार परिणाम आहे आणि माणसाचा अजिबात हात न लागलेली जागा एकही उरलेली नाही. बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांची हेल्कॉम ही संस्था ह्याच पद्धतीने त्यांच्या समुद्राचा हिशोब मांडते.

मला हे मनापासून आवडलं कारण आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, बघतं वनखातं, मासेमारीचे नियम मत्स्यखात्याकडे, जेट्टी आणि बोटी मेरीटाइम बोर्डाकडे, गावाचं सांडपाणी नगरपरिषदेकडे. पाणी तेच, पण प्रत्येकाच्या फायलीत एकच ताण. 2016 ला पर्ससीनवर, म्हणजे माशांच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, बंधनं आली ते चांगलंच झालं, पण त्याच पाण्यात त्याच वर्षांत तापमानाने प्रवाळ पांढरे पडत होते आणि टुरिस्ट बोटी वाढत होत्या, याची बेरीज कोणी करायची?

आता तक्रारी, आणि त्या मोठ्या आहेत.

अभयारण्य आहे 29.12 चौरस किलोमीटरचं, म्हणजे नकाशावर जेमतेम तीसेक चौकोन. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आजूबाजूचा गाभा 3.18 चौरस किलोमीटर, म्हणजे तीन चौकोन, बस. त्यातही एक गोम आहे. चौकोन एक किलोमीटरचा दिसतो, पण मोठ्या मासेमारीचे मूळ आकडे अर्ध्या अंशाच्या खणातले आहेत, साधारण 55 किलोमीटर बाय 55. मालवण आणि देवगड एकाच खणात येतात! मग तो आकडा मॉडेलने बारीक चौकोनांत वाटलाय, त्यामुळे तिथे ट्रॉलर खरोखर कुठे ओढतो ते यात कळत नाही, आणि नकाशा इतका रेखीव दिसतो की बघणाऱ्याला वाटतं सगळं मोजलेलंच आहे.

मी लॅपटॉप घेऊन मामाकडे गेलो, तो रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा, चाळीस वर्षं पाण्यात काढलेली. त्याने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ह्यां सगळां खरां, पण ते लायटीवाले खंय?" एलईडी लावून मासे गोळा करण्यावर केंद्राची 2017 पासून बंदी आहे, तरी त्याची पहिली तक्रार तीच, आणि नकाशाच्या ह्या 17 थरांत (एका ताणाचा एक थर) तिला वेगळी जागा नाही. पर्यटनाचाही थर नाही.

पर्यटनाचं मी स्वतः बघितलंय. डिसेंबरात स्नॉर्कलिंगला गेलेलो, कोणाची बोट ते लिहीत नाही, पण पोराने नांगर सरळ खडकावर टाकला आणि बोट वाऱ्याने सरकली तसा तो प्रवाळावरून घासत गेला, मी मास्क लावून वरून बघत होतो, हातभर लांब पांढरा ओरखडा उमटला आणि बारीक चुरा खाली बसत राहिला. शेजारच्या बोटीतून ब्रेडचे तुकडे टाकत होते फोटोत मासे यावेत म्हणून. एक किलोमीटरच्या चौकोनात हा ओरखडा येणार कसा?

आणि बेरजेचं पण बघा. 2008 मध्येच क्रेन, क्रोकर आणि हाल्पर्न यांनी 171 प्रयोग तपासले, त्यात दोन ताणांची साधी बेरीज फक्त 26 टक्के वेळा झाली, 36 टक्के वेळा परिणाम बेरजेपेक्षा जास्त आणि 38 टक्के वेळा कमी. म्हणजे उन्हाळ्यात तापून पांढरा पडलेला प्रवाळ, त्याच्यावर गाळ, वर नांगर, हे तीन वेगवेगळे मोजून जोडले की खरं नुकसान कळेलच असं नाही.

वापरणाऱ्यांसाठी तीन गोष्टी. फाइली जड आहेत, जुना लॅपटॉप अडकतो, आधी फक्त आपला किनारा कापून घ्या. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, मोलवाइड आहे, बदलून घेतलं नाही तर किनारा वेडावाकडा दिसतो. आणि फिकट रंग म्हणजे ताण कमी असं लगेच समजू नका, कधी कधी तिथली माहितीच कमी असते.

घ्या का? पद्धत शिकायला नक्की घ्या, कॉलेजच्या पोरांनी तर घ्याच. पण आपल्या गावच्या जनसुनावणीत ह्याचा तयार आकडा नेऊ नका, समोरचा एका प्रश्नात पाडेल. पद्धत तीच ठेवून चौकोन 100 मीटरचे करा आणि थर आपले भरा. आम्ही जूनमध्ये, मासेमारीची पावसाळी बंदी लागून होड्या वर काढल्या तेव्हा, मामाच्या पडवीत आलेखाच्या कागदावर हे सुरू केलंय: नांगर कुठे पडतात, फाटकी जाळी कुठे अडकून राहिलीत, गटाराचं पाणी कुठून येतं, लायटी कुठे दिसतात. पहिल्या संध्याकाळी अकरा चौकोन झाले, आणि त्यातल्या चारांवरून मामा आणि त्याचा शेजारी रात्री जेवणापर्यंत वाद घालत होते.