हॅमर उत्तम आहे, पण घेताना आधी फिल्टरचं विचारा

माझ्या हॅमर ड्रिलची धूळ साठवणारी डबी रिकामी होती, फिल्टर सकाळीच झटकला होता, आणि तरीही पडद्याच्या रॉडचं दुसरं भोक पाडताना डबीच्या मागच्या जाळीतून धूळ बाहेर फेकली जायला लागली. काम ठाण्यात, घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये होतं. घरात दम्याचे आजोबा, म्हणूनच त्या मंडळींनी धूळ न करता काम करणारा माणूस शोधला होता. मी काम तिथेच थांबवलं. पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये जे झालं त्यामुळे हे सविस्तर लिहितोय. मशीनबद्दल माझं मत तोवर फार चांगलं होतं, आणि बरंचसं अजूनही आहे.

मशीन म्हणजे १८ व्होल्टचा ब्रशलेस एसडीएस-प्लस हॅमर (म्हणजे भोक पाडणारा बिट खटक्याने अडकवायचा), एका ठोक्याचा मार दोन ज्यूलच्या आसपास, पुढे धूळ ओढणारी जोडणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्या भागावरून वाद झाला तो या प्रकारच्या सगळ्याच मशीनमध्ये असतो. मी राहत्या घरांत पडदे, टीव्हीचे ब्रॅकेट, शेल्फ, गीझर लावतो. नव्या टॉवरमध्ये मायवानच्या भिंती, म्हणजे विटा नाहीतच, साच्यात ओतलेलं सगळं आरसीसी. तिथे साधं इम्पॅक्ट ड्रिल चालवलं तर आवाज सगळ्या मजल्याला ऐकू जातो आणि भोक जागचं हलत नाही. हॅमरच लागतो. वायरच्या दोन किलोवाल्या हॅमरचा मार अडीच ज्यूलच्या घरात असतो. ६ आणि ८ एमएमच्या भोकांना हा फरक मला जाणवला नाही, १२ च्या फास्टनरला जाणवतो. एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असेल तर हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रू धरणारी गिट्टी सैल बसते.

आता धूळ. ८ एमएमचं ६० एमएम खोल भोक म्हणजे तीन घन सेंटिमीटर काँक्रीट, वजन साधारण सात ग्रॅम. ऐकायला काहीच नाही. पण अमेरिकेत ‘ओशा’ या कामगार सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये बांधकामासाठी जो सिलिकाचा (काँक्रीटच्या वाळूत असणाऱ्या घटकाचा) नियम केला, त्यात श्वासातून फुप्फुसात खोल जाऊ शकणाऱ्या सिलिकाची मर्यादा आहे घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम, आठ तासांच्या सरासरीने. दहा बाय दहाच्या, नऊ फूट उंच खोलीत हवा सुमारे २५ घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोलीत सव्वा मिलिग्रॅम तरंगली की मर्यादा गाठली. एका भोकातून सात हजार मिलिग्रॅम निघतात. त्यातली बहुतेक धूळ जाड असते आणि खाली बसते, सगळी सिलिकाही नसते. पण जो बारीक अंश उरतो तो तासन्‌तास हवेत राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, एकदा झाला की फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. गिऱ्हाइकाच्या घरी मी तासभर असतो, पण हेच काम रोज करतो.

त्याच नियमात हातातल्या ड्रिलसाठी काय हवं तेही लिहिलंय: बिटभोवती आवरण, धूळ ओढण्याची सोय, किमान ९९ टक्के धूळ अडवणारा फिल्टर, आणि तो फिल्टर साफ करण्याची यंत्रणा. हे शेवटचं कलम मी मशीन घेताना वाचलं तेव्हा किरकोळ वाटलं होतं. आता वाटतं, सगळा व्यवहार तिथेच आहे.

आधी मी घरगुती व्हॅक्यूमचा पाइप सोबतच्या मुलाला भोकाखाली धरायला लावायचो. कापडी पिशवीच्या व्हॅक्यूममधून बारीक धूळ मागच्या वाऱ्याबरोबर पुन्हा खोलीतच येते. बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम घ्यावा तर तो उचलून लोकलने न्यायचा, शिवाय वायर आणि एक्स्टेन्शन बोर्ड. ताबा नुकताच मिळालेल्या फ्लॅटमध्ये कधीकधी वीजही नसते. म्हणून मशीनवरच बसणारी जोडणी घेतली.

सुरुवातीचे महिने खरोखर आनंदाचे गेले. छताला भोक पाडताना तर विशेष: वर मान करून उभं राहायचं आणि डोळ्यांत कणही जात नाही. सोफ्यावर प्लॅस्टिक न टाकता टीव्हीचा ब्रॅकेट लावला तेव्हा त्या घरच्या काकूंनी फरशीवर बोट फिरवून पाहिलं होतं. टेक्श्चर पेंटवर मात्र तोंडाचं रबर नीट टेकत नाही आणि थोडी धूळ निसटतेच.

मग पावसाळा आला आणि माझं मत खाली आलं. ओल धरलेल्या भिंतीची धूळ फिल्टरच्या घड्यांत लापशीसारखी बसते. झटकून निघत नाही, ओढ कमी होते. जिप्सम प्लास्टरचं पीठ त्याहून बारीक, तेही फिल्टर लवकर बुजवतं. माझ्या डबीत फिल्टर साफ करायला काहीही नाही. काढायचा, हलक्या हाताने आपटायचा, परत बसवायचा. असं रोज केल्यावर फिल्टरच्या कडेचं पातळ रबर कडक झालं आणि एका कोपऱ्यात फाटलं. मागच्या जाळीतून धूळ आली ती या कोपऱ्यातून. कागद शाबूत होता. टक्केवारी कितीही छापा, कड बसली नाही तर धूळ कागदातून जातच नाही, बाजूने जाते.

सर्व्हिस सेंटरवाल्याने फिल्टर हातात घेऊन पहिलं वाक्य टाकलं, “साहेब, तुम्ही पाण्याने धुतला असणार.” धुतला नव्हता. माहितीपुस्तिकेत धुऊ नका असं लिहिलंय, मी ते पाळलंय. दुसरं वाक्य, “फिल्टर सुटा येत नाही, पूर्ण जोडणी घ्यावी लागेल.” मी मोबाइलवर कंपनीचाच सुट्या भागांचा नकाशा उघडून दाखवला, त्यात फिल्टरला वेगळा पार्ट नंबर होता. मग, “स्टॉकमध्ये नाही, कधी येईल सांगता येत नाही.” तीन वाक्यांत तीन कारणं. याची मला अजून चीड आहे. जो भाग झिजणारच, तो विकायचा नसेल तर धूळमुक्त म्हणून मशीन विकू नये.

तोच नंबर कागदावर लिहून मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात गेलो. दुसऱ्या दुकानात मागवून देतो म्हणाले आणि दिला. दोन घेतले, दोन्ही मिळून नव्या जोडणीच्या पाव किमतीतही बसले. नवा फिल्टर लावल्यावर ओढ पहिल्या दिवसासारखी झाली, आणि मत परत वर गेलं. त्या आजोबांच्या घरचा रॉडही लागला.

बाकीचं थोडक्यात. जोडणीचा पंखा मशीनच्याच बॅटरीवर चालतो, त्यामुळे ४ एएचच्या दोन बॅटऱ्या हव्यात. स्प्रिंगमुळे दाब जास्त द्यावा लागतो, आणि पुढचं वजन संध्याकाळी मनगटाला जाणवतं. लांब बिट जोडणीत मावत नाहीत. एसीच्या पाइपचं मोठं भोक या मशीनकडून होणार नाही, त्याला कोअर कटर वेगळा. भोकात तोंडाने फुंकर मारायची सवय मात्र सोबतच्या मुलाची सुटली, कारण आत फारशी धूळ उरतच नाही.

वर्षाला चार खिळे ठोकणाऱ्याने हे घेऊ नये. ज्याच्याकडे आहे त्याला बोलवावं. रोजच्या कामाला घेत असाल तर दुकानात ज्यूल विचारण्याआधी फिल्टर बाहेर काढायला लावा, कडेचं रबर दाबून बघा, आणि त्याचा पार्ट नंबर व किंमत बिलावर लिहून घ्या. फिल्टर साफ करायची सोय डबीतच असलेलं मॉडेल परवडत असेल तर जास्तीचे पैसे द्या. मी पुढचं तेच घेणार आहे.

कंपनीला लेखी तक्रार दिलीय. मागणी एकच: फिल्टर सुटा, प्रत्येक सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर. उत्तर आलं की यातच खाली जोडीन.